कीड सर्वेक्षणाच्या तक्त्यांतील दुबार नोंदी : प्रतिबंध आणि निर्मूलन

कपाशीतील गुलाबी बोंडअळीसाठी लावलेल्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी ८ पतंग सापडले, की किडीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे मानून नियंत्रणाचे उपाय सुचवले जातात. सापळ्यातील पतंग रोज मोजून काढून टाकावेत, ही सूचना त्याबरोबरच दिलेली असते. घाईगर्दीत सर्वांत आधी तीच विसरली जाते. समजा, एका सापळ्यात चार रात्रींत अनुक्रमे ५, ३, २ आणि ३ पतंग आले. पिशवी रिकामी न करता रोज सकाळी आत दिसतील तेवढे पतंग मोजले, तर वहीत ५, ८, १०, १३ असे आकडे उतरतात. शेवटच्या तीन रात्री पातळी गाठली गेली, असे वही सांगते. शेतात मात्र एकाही रात्री ८ पतंग आलेले नसतात. मोजणाऱ्याने खोटे लिहिलेले नाही, त्याची बेरीजही चुकलेली नाही. तेच पतंग पुन्हा पुन्हा मोजले गेले, एवढेच घडले.

संगणकातील दुबार नोंद ही याच जातीची चूक होय. सापळ्यातील मेलेला पतंग निदान डोळ्यांना दिसतो. हजारो ओळींच्या तक्त्यात दुसऱ्यांदा येऊन बसलेली नोंद दिसत नाही. माहिती हाताने भरली जात असताना एखादा जाणता कर्मचारी 'हे गाव तर काल भरले' असे म्हणून थांबत असे. मोबाइलवरील अर्ज, ॲपमधून उतरवलेल्या फाईली आणि ठरावीक वेळी त्या आपोआप ओढून घेणारी एक्सेल किंवा गूगल शीट्सची यंत्रणा आल्यापासून हा थांबणारा माणूस मधून नाहीसा झाला आहे. यंत्रणेला सांगितले नाही, तर ती थांबत नाही.

शिवारातून दिल्लीपर्यंत

२००८ च्या खरिपात विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा, विशेषतः स्पोडोप्टेराचा, मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून महाराष्ट्र शासनाने 'क्रॉपसॅप' या नावाने ओळखला जाणारा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प हाती घेतला. कीड सर्वेक्षकाने गावोगावच्या शेतांत निरीक्षणे घ्यायची, ती संगणकात भरली जायची, दिल्लीच्या पुसा परिसरातील राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राने उभारलेल्या प्रणालीत ती एकत्र व्हायची, आणि त्यांच्या आधारे कृषी विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांचा सल्ला लघुसंदेशाने शेतकऱ्यांपर्यंत परत जायचा, अशी ही साखळी होती. पुढे १५ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली सुरू केली; तिच्यात शेतकऱ्याने मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रावरून किडीची ओळख पटवण्याची सोय आहे. राज्याच्या एका टोकाच्या शिवारात मोजलेली अळी दिल्लीतील सर्व्हरवर एक आकडा होऊन पोहोचते आणि सल्ला होऊन परतते. मधल्या प्रवासात तो आकडा एकाचा दोन झाला, तर परतणारा सल्लाही बदलतो.

मोठ्या प्रणालींत याविरुद्ध काही ना काही बंदोबस्त केलेला असतो. खरी अडचण त्यांच्या अलीकडच्या पायरीवर येते. तालुका कार्यालय, कृषी विज्ञान केंद्र, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा एखादा जागरूक शेतकरी गट आपापल्या सोयीसाठी स्वतंत्र स्प्रेडशीट ठेवतो. तिच्यात गूगल फॉर्मवरून, व्हॉट्सॲपवर आलेल्या फाईलींतून आणि ॲपमधून उतरवलेल्या तक्त्यांतून माहिती येत असते. प्रस्तुत लेखाचा विषय ही स्थानिक स्प्रेडशीट आहे.

दुबार नोंद आणि दुबार समजून पुसलेली नोंद

एका गावाच्या शिवारातील १० ठिकाणी सोयाबीनच्या प्रति मीटर ओळीतील अळ्या मोजल्या, असे समजू. मिळालेले आकडे ०, ०, १, १, २, २, ३, ४, ५, ६. बेरीज २४, सरासरी २.४. उदाहरणापुरती ३ अळ्या ही कृती करण्याची पातळी धरली (प्रत्यक्षात पिकाच्या अवस्थेनुसार विद्यापीठाची शिफारस पाहावी), तर या गावात फवारणीची वेळ अद्याप आलेली नाही.

आता ज्या तीन ठिकाणी ४, ५ व ६ अळ्या दिसल्या, तेथील निरीक्षणे दोनदा पाठवली गेली. असे होणे स्वाभाविक असते. अळी जास्त दिसली की सर्वेक्षक काळजीने पुन्हा पाठवतो, वरिष्ठही 'ते पुन्हा पाठवा' असे सांगतात. शून्य अळीची नोंद दुसऱ्यांदा पाठवण्याची तसदी कोणी घेत नाही. दुबार नोंदी सगळीकडे सारख्या प्रमाणात होत नाहीत. त्या किडीच्या बाजूने कललेल्या असतात, म्हणून 'चार-दोन नोंदी इकडेतिकडे झाल्या तरी सरासरीत फरक पडत नाही' हा समज टिकत नाही. आता नोंदी १३, बेरीज ३९, सरासरी ३.०. गावाला फवारणीचा सल्ला जातो.

हे लक्षात आल्यावर कार्यालयातील कोणी एक्सेलमधील 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' ही आज्ञा वापरली, आणि तपासण्यासाठी गाव, तारीख व अळ्यांची संख्या एवढेच रकाने निवडले. संगणकाने सारखे आकडे एकदाच ठेवले : ०, १, २, ३, ४, ५, ६. नोंदी ७, बेरीज २१, सरासरी पुन्हा ३.०. दोन ठिकाणी खरोखर शून्य अळ्या होत्या, त्यांपैकी एक शून्य पुसले गेले. एक व दोन अळ्यांच्या ठिकाणांचेही तसेच झाले. पहिल्या चुकीने नसलेली कीड वाढवली, दुसरीने असलेले निरोगी पीक पुसले. दोन्हींनी गावाला त्याच चुकीच्या फवारणीकडे नेले. दुसरी चूक अधिक घातक म्हणावी लागेल, कारण ती करणाऱ्याला आपण तक्ता स्वच्छ केला असे समाधान असते.

एक नोंद कशाला म्हणावे

दोन नोंदी सारख्या दिसतात म्हणून त्या दुबार ठरत नाहीत, आणि वेगळ्या दिसतात म्हणून त्या स्वतंत्रही ठरत नाहीत. एका निरीक्षणाची ओळख कशाने पटते, हे माहिती गोळा करण्यापूर्वी ठरवणे हाच सर्व उपायांचा पाया आहे, आणि तो निर्णय शेत पाहिलेल्या माणसाने घ्यावयाचा असतो. संगणक चालवणाऱ्यावर तो सोडू नये.

कीड सर्वेक्षणात ही ओळख साधारणपणे सहा गोष्टींनी पटते : गाव, निरीक्षणाचे ठिकाण, निरीक्षणाची तारीख, पीक, कीड व तिची अवस्था, आणि निरीक्षण कोणी घेतले. शेवटची बाब अनेकदा गाळली जाते. पर्यवेक्षकाने त्याच शेतात त्याच दिवशी पडताळणीसाठी स्वतंत्र मोजणी केली, तर ती दुबार नोंद नव्हे. सर्वेक्षकाच्या मोजणीची विश्वासार्हता तिच्यावरूनच कळते. कायम प्लॉट आणि रँडम प्लॉट यांचाही भेद ठिकाणाच्या क्रमांकातच दिसला पाहिजे, उदाहरणार्थ क-१ व र-१.

अळ्यांची संख्या मात्र या ओळखीत कधीही घेऊ नये. संख्या हे निरीक्षणाचे फळ आहे. ती ओळखीत घेतली, की सर्वेक्षकाने ४ ऐवजी ६ अशी दुरुस्ती करून पाठवलेली नोंद नवे निरीक्षण म्हणून आत येते आणि जुनी चूकही तशीच राहते. माहिती सर्व्हरवर पोहोचल्याची वेळही ओळखीत नसावी. गूगल फॉर्म प्रत्येक उत्तराला वेळेचा शिक्का देतो. रेंज नसलेल्या शिवारात 'सबमिट' दोनदा दाबले गेले, तर दोन ओळींत सर्व काही सारखे आणि वेळ तेवढी वेगळी असते. संपूर्ण ओळ ताडून पाहणाऱ्याला अशा तक्त्यात एकही दुबार नोंद सापडत नाही.

मोबाइल क्रमांकाला ओळख मानण्याचा मोह टाळावा. एका घरात एक फोन आणि तीन खातेदार असतात, तर एका शेतकऱ्याकडे दोन क्रमांक असतात. शेतकरी ओळख क्रमांकाने शेतकरी ओळखता येतो, त्याच्या कोणत्या तुकड्यात अळी मोजली ते कळत नाही. आधार क्रमांक तर सर्वेक्षणाच्या तक्त्यात लिहूच नये. जीपीएसचे अक्षांश-रेखांशही नेमके जुळत नाहीत. त्याच बांधावर उभे राहून दोनदा घेतलेली स्थाने काही मीटरने सरकतात. ती पडताळणीला उपयोगी, ओळखीला निरुपयोगी.

नावांचा घोळ

ओळखीतील गाव हा घटक सोपा वाटतो, आणि तेथेच सर्वाधिक घोटाळे होतात. पिंपळगाव बसवंत नाशिक जिल्ह्यात, पिंपळगाव हरेश्वर जळगावात, पिंपळगाव राजा बुलढाण्यात आणि पिंपळगाव रेणुकाई जालन्यात आहे. अर्जात मात्र चौघेही नुसते 'पिंपळगाव' लिहितात. उलट, एकच वडगाव बुद्रुक एका हाताने 'वडगाव बु.', दुसऱ्याने 'वडगाव बु॥' आणि तिसऱ्याने 'वडगांव बुद्रुक' असे लिहिले जाते. संगणकासाठी ती तीन गावे होत. शेपूट छाटून सर्वांचे 'वडगाव' केले, तर खुर्द आणि बुद्रुक ही दोन वेगळी गावे एक होतात.

देवनागरी लिपीचे स्वतःचे काही प्रश्न आहेत. 'ॲ' हे अक्षर स्वतंत्र अक्षर म्हणून लिहिता येते, तसेच 'अ'वर चंद्र देऊनही. पडद्यावर 'ॲसिटामिप्रिड' दोन्ही प्रकारे सारखेच दिसते. संगणकाच्या लेखी ते दोन निरनिराळे शब्द. 'कऱ्हाड'मधील ऱ्ह निरनिराळे कळफलक निरनिराळ्या प्रकारे साठवतात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये भरलेली नावे तर कशाशीच जुळणार नाहीत. व्हॉट्सॲप किंवा संकेतस्थळावरून चिकटवलेल्या मजकुरामागे न दिसणारी रिकामी जागा येते. एक्सेलचे 'ट्रिम' हे सूत्र साधी रिकामी जागा काढते, पण संकेतस्थळांवर वापरली जाणारी १६० क्रमांकाची न तुटणारी रिकामी जागा तशीच ठेवते. ती 'सब्स्टिट्यूट' सूत्राने वेगळी काढावी लागते.

या सर्वांवर एकच टिकाऊ उपाय आहे. गावाचे नाव वाचण्यासाठी ठेवावे, ओळखीसाठी त्याचा संकेतांक घ्यावा. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक दिलेला आहे. पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतही गावांचे संकेतांक मिळतात. दोहोंपैकी एक पद्धत निवडून तीच शेवटपर्यंत वापरावी. अर्जात गाव टाइप करू न देता जिल्हा, तालुका, गाव अशा उतरत्या यादीतून निवडू द्यावे. जिल्ह्यांची नावे बदलली, तरी जनगणनेच्या संकेतांकाला काही होत नाही. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. नावावर विसंबलेल्या तक्त्यांत त्या जिल्ह्यांच्या जुन्या व नव्या नोंदी एकमेकींना ओळखेनाशा झाल्या असतील.

तारीख आणि गट क्रमांक

एका संगणकावर दिवस आधी, दुसऱ्यावर महिना आधी अशी मांडणी असते. ७/८ ही तारीख एकाला ७ ऑगस्ट, दुसऱ्याला ८ जुलै वाटते. दोन्ही तारखा खरिपातल्याच असल्याने पाहणाऱ्याला शंका येत नाही. तीच फाईल दोन संगणकांवरून चढवली, की प्रत्येक निरीक्षणाची दोन तारखांना दोन निरीक्षणे होतात. १२ नंतरच्या तारखांत हा घोळ उघड होतो, कारण तेरावा महिना नसल्याने त्या तारखा मजकूर म्हणून पडून राहतात. रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे सरकलेल्या दिसल्या, तर तेथे हेच झाले असल्याचा संशय घ्यावा. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, २०२४-०८-०७ अशी तारीख लिहिल्यास संदिग्धता राहत नाही.

गट क्रमांकाची कथा याहून मजेदार आहे. इंग्रजी अंकांत १२/३ असा गट-पोटहिस्सा टाइप केला, की एक्सेल त्याची तारीख करून टाकते. हा त्रास फक्त शेतकऱ्यांच्या वाट्याला आला, असे नाही. मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये 'मार्च१', 'सप्ट१' यांसारख्या जनुकांची संक्षिप्त नावे बदलली, कारण स्प्रेडशीट त्यांच्या तारखा करीत असे. जनुकांची नावे बदलता आली. सातबारा बदलता येत नाही. म्हणून गट क्रमांकाचा रकाना माहिती भरण्यापूर्वीच 'टेक्स्ट' या प्रकाराचा करावा, किंवा तिरप्या रेघेऐवजी 'हि' हे अक्षर घालून १२हि३ असे लिहावे.

आयातीची रचना

एका तक्त्यातून दुसऱ्या तक्त्यात माहिती आपोआप आणताना तीन पत्रके वेगळी ठेवावीत. पहिले 'आवक' : जे जसे आले ते तसेच, त्याला हात लावायचा नाही. दुसरे 'मुख्य' : येथे प्रत्येक ओळख एकदाच. तिसरे 'प्रलंबित' : ज्यांचा निर्णय माणसाने घ्यायचा त्या नोंदी. आवक पत्रकात आलेल्या प्रत्येक नोंदीसाठी आधी गावाचा संकेतांक व तारीख एकसारख्या रूपात आणून ओळख-संकेत तयार करावा, आणि तो मुख्य पत्रकात आहे का ते पाहावे. नसेल, तर नोंद जोडावी. असेल आणि मोजणीही तीच असेल, तर ती दुबार म्हणून चिन्हांकित करून सोडून द्यावी. ओळख तीच पण मोजणी वेगळी असेल, तर ती प्रलंबित पत्रकात जावी आणि सर्वेक्षकाला फोन करावा. 'नंतर आलेली नोंद खरी' हा नियम सोयीचा आहे, पण जुनी फाईल उशिरा पाठवली गेली, की तो उलटतो.

ही रचना नीट झाली की नाही, हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. तीच फाईल लागोपाठ दोनदा चढवावी. दुसऱ्या वेळी मुख्य पत्रकातील नोंदींची संख्या एकानेही वाढता कामा नये. वाढली, तर हंगाम सुरू होण्याआधी ती यंत्रणा वापरू नये. या कसोटीला उतरणाऱ्या यंत्रणेचा आणखी एक लाभ असा, की 'फक्त आजच्या नोंदी आणा' हा नाजूक नियम ठेवावा लागत नाही. रोज मागील सात दिवसांच्या नोंदी पुन्हा ओढल्या, तरी चालतात. रेंज नसल्याने चार दिवस फोनमध्ये अडकलेले निरीक्षणही त्यामुळे सुटत नाही.

दुबार नोंदी कोठून शिरतात, हे अनुभवी कर्मचाऱ्यांना ठाऊक असते. ब्राउझरमधून तीच फाईल दुसऱ्यांदा उतरवली, की तिच्या नावापुढे कंसात १ लागतो. पॉवर क्वेरीने संपूर्ण फोल्डर ओढून घेण्याची सोय केलेली असेल, तर ती मूळ फाईल आणि ही प्रत अशा दोन्ही आत घेते. चढवलेल्या फाईली वेगळ्या फोल्डरमध्ये हलवणे आणि फाईलचे नाव, नोंदींची संख्या व चढवल्याची वेळ यांची वही ठेवणे, एवढ्याने हा मार्ग बंद होतो. गूगल शीट्समध्ये दोन कर्मचाऱ्यांनी आपापल्या खात्यातून तीच आज्ञावली ठरावीक वेळी चालण्यासाठी लावली, तर ती दोनदा चालते. दोन्ही धावा एकाच क्षणी सुरू झाल्या, तर 'ही नोंद अजून नाही' असे दोघींनाही दिसते आणि दोघीही ती जोडतात. वेळापत्रक एकाच खात्यावर ठेवावे, आणि आज्ञावलीत ॲप्स स्क्रिप्टची 'लॉक सर्व्हिस' वापरावी, म्हणजे पहिली संपेपर्यंत दुसरी दाराशी थांबते.

नवीन सर्वेक्षणाची आखणी करीत असाल, तर ओडीके किंवा कोबो यांसारख्या साधनांचा विचार करावा. त्यांत अर्ज फोनवर भरला जात असतानाच त्याला एक अद्वितीय क्रमांक मिळतो. रेंज तुटून तोच अर्ज पुन्हा पाठवला गेला, तरी सर्व्हर त्या क्रमांकावरून तो ओळखतो. मात्र सर्वेक्षकाने तेच निरीक्षण नव्या अर्जात पुन्हा भरले, तर त्याला नवा क्रमांक मिळतो. त्यामुळे निरीक्षणाची वर सांगितलेली ओळख तेथेही लागतेच.

साधनांचे स्वभाव

एक्सेलची 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' आज्ञा चौकटीत दिसणारे रूप ताडते. एकच तारीख दोन निरनिराळ्या मांडणींत असेल, तर तिला त्या दोन वाटतात. गूगल शीट्समधील याच नावाची सोय मांडणीतील फरकाकडे दुर्लक्ष करते. इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा भेद या दोन्ही आज्ञा मानत नाहीत, पॉवर क्वेरी मात्र मानते. पॉवर क्वेरीत नोंदी तारखेने लावून मग दुबार काढल्या, तर सर्वांत अलीकडची नोंदच उरेल याची खात्री नसते. आधी लावलेला क्रम 'टेबल बफर'ने पक्का करावा लागतो.

सर्वांत फसवा दोष 'काउंटइफ' या सूत्राचा आहे. ओळख-संकेत निव्वळ अंकांचा केला, समजा गावाचे ६, तारखेचे ८ आणि प्लॉटचे २ असे १६ अंक सलग लिहिले, तर हे सूत्र त्याला संख्या समजते. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपते. सोळावा अंक गळतो, आणि प्लॉट ०१ पासून ०९ पर्यंतचे नऊही प्लॉट एकमेकांचे दुबार ठरतात. रंगाने उठवलेल्या त्या नऊ ओळी पाहून कोणी आठ पुसल्या, तर एका दिवसाचे जवळजवळ सगळे सर्वेक्षण जाते. संकेताच्या सुरुवातीला एक अक्षर आणि घटकांमध्ये आडवी रेघ घातली, की तो मजकूरच राहतो.

आधीच शिरलेल्या नोंदी

मागील हंगामांचे तक्ते साफ करताना प्रथम मूळ फाईलची प्रत वेगळी ठेवावी. त्यानंतर तक्त्यात 'स्थिती' हा नवा रकाना करून प्रत्येक नोंदीपुढे वैध, दुबार किंवा प्रलंबित असे लिहावे. ओळ पुसू नये; सरासरी काढताना केवळ वैध नोंदी घ्याव्यात. शेवटी तिन्ही प्रकारांची बेरीज मूळ नोंदींच्या संख्येशी जुळली पाहिजे. जुळली नाही, तर कोठेतरी नोंद हरवली आहे.

कायम प्लॉटच्या बाबतीत एक जैविक पडताळणीही करता येते. लागोपाठच्या दोन आठवड्यांत एखाद्या गावाच्या सर्व प्लॉटचे सर्व किडींचे आकडे तंतोतंत तेच असतील, तर ते संशयास्पद मानावे. अळ्या आठवड्याभरात वाढतात, कोषात जातात, परभक्षी कीटक त्यांना खातात. सगळीकडची संख्या जशीच्या तशी राहत नाही. मागील आठवड्याची फाईल नव्या तारखेने पाठवली गेली असण्याची शक्यता तेथे असते, आणि ओळख-संकेत तारखेमुळे वेगळा झाल्याने वरील कोणतीही चाळणी ती पकडू शकत नाही. सर्व शून्यांचा आठवडा मात्र याला अपवाद आहे. हंगामाच्या आरंभी तो खराही असू शकतो, त्यामुळे तेथे सर्वेक्षकाची मूळ वही पाहूनच निर्णय करावा.

स्वच्छता या वर्षापासून सुरू केली आणि जुने तक्ते तसेच राहू दिले, तर आलेखात कीड यंदा कमी झाल्यासारखी दिसेल, आणि त्याचे श्रेय सापळ्यांना, वाणाला किंवा पावसाला दिले जाईल. जुने हंगामही त्याच नियमाने चाळून मगच तुलना करावी. ज्या वर्षांच्या मूळ फाईली उरलेल्या नाहीत, त्यांचे स्तंभ आलेखात वेगळ्या रंगाने दाखवून 'दुबार नोंदी तपासलेल्या नाहीत' असे त्याखाली छापावे.